‘दूध पुरत नाही जी!’

रोवणीचे दिवस होते. या दिवसांत आमच्या नाकाडोंगरीत बायका घरी सापडत नाहीत. शेजारची सून मात्र तीन महिन्यांचं लेकरू घेऊन ओसरीत बसली होती. हातात बाटली आणि बाटलीत अगदी पाण्यासारखं दूध.

"काकू, मला दूधच पुरत नाही जी. लेकरू सारखं रडते. म्हणून डबा आणला."

डबा महिनाभर पुरवायचा म्हणून ती चमचाभर पावडरच्या जागी अर्धाच चमचा टाकत होती. लेकराचं पोट भरल्यासारखं वाटे, पण वजन काही वाढेना.

मैत्रिणींनो, योग्य मापाने दूध केलं तर या वयाच्या बाळाला ४०० ग्रॅमचा डबा जेमतेम तीन-चार दिवस पुरतो. मजुरीवर चालणाऱ्या घराला हे कसं परवडावं? मग पाणी वाढतं. त्यात बाटली नीट उकळलेली नसली की हगवण लागते.

आणि दूध खरंच कमी होतं का? बाळ दिवसातून सहा-सात वेळा लघवी करत असेल, वजन वाढत असेल, तर आईचं दूध पुरतंय असं समजावं. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. बाटली लागली की ओढणं कमी होतं आणि दूधही आटतं. पहिले सहा महिने आईचंच दूध द्यावं, वरचं पाणीसुद्धा नको.

म्हणूनच १९९२ च्या कायद्याने बाळाच्या डब्याच्या दुधाची जाहिरात करायला आणि डब्यावर बाळाचं चित्र छापायला बंदी घातली आहे.

पण डब्याला नुसती नावं ठेवणंही बरोबर नाही. आई हयात नसेल किंवा आजारपणामुळे डॉक्टरांनी अंगावर पाजायला मनाई केली असेल, तर हेच दूध लेकराला जगवतं. तेव्हा उकळलेलं पाणी, डब्यातलाच चमचा, डब्यावरचं माप आणि बाटलीऐवजी स्वच्छ वाटी-चमचा, एवढं पाळायचं. कमी दिवसांच्या बाळांसाठी तर मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ पासून मातांनी दान केलेल्या दुधाची पेढी आहे.

आम्ही आशाताईंना बोलावलं. त्यांनी बाळाला नीट छातीशी धरायला शिकवलं, दर आठवड्याला वजन केलं. हळूहळू वरचं दूध कमी करत गेलो. सासूबाईंनी सकाळचा स्वयंपाक आपल्याकडे घेतला. दीड महिन्यात डबा सुटला!

तेव्हा सासवांनो, जावांनो, डबा आणायला धावण्याआधी बाळंतिणीला वेळेवर जेवण द्या आणि लेकरू घेऊन निवांत बसू द्या. तरी वजन वाढलं नाही, तर मात्र डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका.