एका वर्षाचा महापौर

संध्याकाळी सहानंतर दुर्गदबैलला वाट काढतच चालावं लागतं. कढईतून मिरची भजी निघत असतात, शेजारी गिरमिटासाठी चुरमुऱ्यांचे ढीग रचलेले असतात आणि मधल्या जागेत बांगड्या, परकर, बादल्या मांडून माणसं बसलेली असतात. हुबळीच्या या जुन्या पेठेत पालिकेशी रोजचा संबंध नाही असा माणूस सापडणं कठीण. बसायची जागा, दिवा, कचरा, पाणी, सगळं तिच्याच हातात. संपादकांनी हुबळी-धारवाडच्या महापौर-निवडणुकांवर लिहायला सांगितलं, तेव्हा पालिकेत जाण्याआधी मी इथे आलो.

एक बाई गिरमीट कालवत होत्या. आधी कांदा-टोमॅटो, मग चिंच-गुळाचा मसाला, वरून डाळव्याचं पीठ. हात न थांबवता त्यांनी आपल्या प्रभागाच्या सदस्याचं नाव सांगितलं, आमदारांचंही सांगितलं. महापौर कोण, असं विचारल्यावर मात्र त्या थांबल्या. दरवर्षी नवा येतो, लक्षात कुणाकुणाला ठेवायचं, असं त्यांनी मराठी-कानडी मिसळून मलाच विचारलं. पुढे जी कागदपत्रं चाळली त्यांचं सार त्या प्रश्नात होतं.

इतिहास थोडक्यात सांगता येतो. हुबळीची नगरपालिका १८५५ची, धारवाडची १८५६ची. दोन्ही शहरं मुंबई इलाख्यात होती आणि १९५६च्या राज्य पुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेली. १ मार्च १९६२ रोजी, एकमेकांपासून सुमारे वीस किलोमीटरवर असलेल्या या दोन शहरांची मिळून एक महानगरपालिका झाली. हुबळी व्यापाराची, रेल्वेची. धारवाड विद्यापीठाचं, गाण्याचं. २०११च्या जनगणनेत दोन्हींची मिळून लोकसंख्या नऊ लाख चाळीस हजारांच्या पुढे गेली होती. एवढ्या पसाऱ्याचा पहिला नागरिक आज निवडला जातो तो कर्नाटक महानगरपालिका अधिनियम, १९७६ नुसार, आणि या कायद्यात महापौराची मुदत आहे एक वर्ष.

निवडीची रीत पाहण्यासारखी आहे. बेळगाव विभागाचे प्रादेशिक आयुक्त अध्यक्षस्थानी असतात. चिठ्ठी नाही, यंत्र नाही; उमेदवाराचं नाव पुकारलं की त्याच्या बाजूचे हात वर होतात आणि ते मोजले जातात. कोणाचा हात वर गेला आणि कोणाचा मांडीवरच राहिला, हे अख्ख्या सभागृहाला दिसतं. पक्षाला आपली माणसं धरून ठेवायला ही पद्धत सोयीची आहे, पण तिच्यात सचोटीही आहे, कारण इथे लपून मत देता येत नाही. नगरसेवकांबरोबर या भागाचे खासदार, आमदार आणि विधान परिषदेचे सदस्यही हात वर करतात. सरकारने नेमलेल्या सदस्यांना तो हक्क नाही.

या हातांचं मोल २०२१मध्ये कळलं. ८२ प्रभागांत भाजपला ३९, काँग्रेसला ३३, एमआयएमला ३, जनता दलाला १ आणि अपक्षांना ६ जागा मिळाल्या. भाजप सर्वांत मोठा पक्ष होता, पण निम्म्याच्याही खाली. अशा वेळी खासदार-आमदारांची मतं आणि अपक्षांचा कल यांवर सगळं ठरतं. प्रभागात मत टाकताना मतदाराच्या डोळ्यांसमोर रस्ता आणि गटार असतं. महापौर ठरवताना मात्र दिल्ली-बेंगळुरूला निवडून गेलेल्यांचे हातही मोजले जातात.

सप्टेंबर २०२१मध्ये मतमोजणी झाली आणि महापौर मिळाला २८ मे २०२२ रोजी. निवडून आलेले नगरसेवक तोपर्यंत नुसते वाट पाहत राहिले. त्याआधीच्या सभागृहाची मुदत मार्च २०१९मध्ये संपली होती. म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ या शहराला महापौरच नव्हता, आणि त्यातच कोरोनाची दोन वर्षं गेली. २०१३लाही तसंच झालं होतं. मार्चमध्ये मतदान झालं आणि त्या सभागृहाचा पहिला महापौर बसला तो २०१४मध्ये.

या उशिरांच्या चर्चेत आरक्षणाचं चक्र पुन्हा पुन्हा येतं. महापौरपद दरवर्षी कोणत्या प्रवर्गासाठी, हे राज्य सरकार अधिसूचनेने ठरवतं. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, मागासवर्ग, महिला, सर्वसाधारण अशी फिरती असते. महाराष्ट्रात हे सोडतीने ठरतं, म्हणून तिथे चिठ्ठी निघेपर्यंत सगळे सारखेच अंधारात असतात. कर्नाटकात यादी सरकारच्या टेबलावर तयार होते, म्हणून तिच्यावर संशय घेतला जातो आणि वाद न्यायालयात जातो.

या चक्राचं चांगलं फळही नाकारता येणार नाही. शिवू हिरेमठ, अश्विनी मज्जगी, मंजुळा अक्कूर, डी. के. चव्हाण, सुधीर सराफ हे २०१४ ते २०१९चे महापौर. त्यानंतर ईरेश अंचटगेरी, वीणा बरदवाड, रामप्पा बडिगेर, ज्योती पाटील. नऊ जणांत चार स्त्रिया. शेजारच्या बेळगावात महापौरपद म्हटलं की मराठी वाचकाला भाषेचा लढा आठवतो. हुबळीत चव्हाण, सराफ, पाटील ही नावं पक्षाच्या आणि प्रभागाच्या राजकारणातून वर येतात. खुर्ची थोड्या घरांत अडकून राहू नये ही या कायद्यामागची इच्छा मला मनापासून पटते.

मला काळजी आहे ती वर्षाची. २०२२ ते २०२५च्या चारही निवडी मेअखेर किंवा जूनमध्ये झाल्या. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. त्यामुळे नवा महापौर येतो तेव्हा अर्थसंकल्प आधीच्याच्या कारकिर्दीत तयार झालेला असतो. स्वतःच्या काळातला अर्थसंकल्प मांडला जाईपर्यंत जाण्याची वेळ जवळ आलेली असते. स्थायी समित्यांची मुदतही वर्षाचीच. अंमलबजावणी आयुक्तांच्या हातात, आणि आयुक्त सरकारला बांधील. महापौराकडे सभेचं अध्यक्षपद आणि शब्दाचं वजन एवढंच उरतं, आणि शब्दाला वजन यायलाही काळ लागतो.

पाण्याचं उदाहरण घ्या. मलप्रभा नदी आणि नीरसागर जलाशय यांच्या भरवशावरच्या या शहरात कित्येक भागांत आठवड्यातून एकदा पाणी येत असे. २००८मध्ये काही प्रभागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला आणि तो देशभर नावाजला गेला. ते पाणी सगळ्या शहराला मिळावं म्हणून तेव्हापासून खटपट चालू आहे. त्या काळात महापौर एकामागून एक आले नि गेले. जलवाहिनी टाकायला जितकी वर्षं लागतात, तितकी वर्षं तिचा पाठपुरावा करणारा माणूस पालिकेत राहतच नाही. दुर्गदबैलच्या विक्रेत्यांचंही तसंच. २०१४चा फेरीवाला कायदा सर्वेक्षण, ओळखपत्रं, विक्री समिती, ठरलेल्या जागा असं टप्प्याटप्प्याचं काम सांगतो. प्रत्येक टप्प्याला नवा महापौर म्हणजे प्रत्येक वेळी पहिल्यापासून ओळख.

महापौराला वेळ मिळाला तर काय होतं, हे जपानमध्ये पाहता येतं. तिथे १८८९च्या सुमारास नगरसभा तीन नावं सुचवी आणि त्यांतून महापौर वरून नेमला जाई. १९४७पासून तिथली माणसं महापौर थेट निवडतात, चार वर्षांसाठी. होक्काइदोतल्या युबारी या छोट्या शहराचं दिवाळं निघालं, त्यानंतर २०११मध्ये लोकांनी तिशीतल्या नाओमिची सुझुकीला निवडलं. आठ वर्षं तो त्या पदावर होता. कर्ज फेडायला, नको असलेले निर्णय लोकांना पटवायला त्याला वेळ मिळाला. कायद्यानुसार हुबळीत तेवढ्याच वेळात आठ महापौर होतात.

आता तर पालिकाच दुभंगते आहे. हुबळीच्या सावलीत आपली आबाळ होते ही धारवाडकरांची जुनी तक्रार. जानेवारी २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने धारवाडची वेगळी महानगरपालिका मंजूर केली. ८२पैकी २६ प्रभाग तिकडे जायचे ठरले. जून २०२५मध्ये ज्योती पाटील महापौर झाल्या त्या मात्र अखंड पालिकेच्याच. वाटणी म्हणजे नवे प्रभाग, नवं आरक्षण, कर्मचाऱ्यांची आणि कर्जाची विभागणी. आरक्षणाच्या एका यादीवरून शहर महिनोन्महिने महापौराविना राहू शकतं, हे हुबळी-धारवाडने अनुभवलं आहे. दोन पालिका झाल्या तर अडण्याच्या जागाही दोन होतील.

हे टाळता येण्यासारखं आहे. पाचही वर्षांचं आरक्षण मतदानाआधी एकदम जाहीर करावं, म्हणजे हरकती आधीच निकाली निघतील. निकालानंतर किती दिवसांत महापौर निवडायचा याची मर्यादा कायद्यात घालावी. आणि मुदत निदान अडीच वर्षांची करावी. महाराष्ट्रात महापौराला ती आहे, कर्नाटकातल्या नगरपालिकांच्या अध्यक्षांनाही आहे. प्रवर्गांची फिरती तशीच राहू द्यावी, फक्त चाकाचा वेग कमी करावा. अनुसूचित जातीच्या किंवा मागास प्रवर्गातल्या स्त्रीला खुर्ची द्यायची आणि कारभार कळेपर्यंत ती काढून घ्यायची, याला प्रतिनिधित्व म्हणणं मला जड जातं. धारवाडची नवी पालिका उभी राहील तेव्हा हा बदल तिथून सुरू करता येईल, आणि त्यासाठी दोन्ही शहरांच्या नगरसेवकांनी पक्ष बाजूला ठेवून एकत्र हात वर करायला हवेत.