फोटोची गवाही

“सर, आम्ही सायबर सिक्युरिटी शिकतोय. मग हा फोटोंचा विषय आमच्या डोक्यावर कशाला?”

दिवाळीच्या सुट्टीत शिरूरला घरी आलेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा हा सवाल. सोबत दौंडचा त्याचा मावसभाऊ होता, तोही त्याच अभ्यासक्रमाला. पासवर्ड, नेटवर्क, फायरवॉल यांत दोघे रमतात. ‘डिजिटल इमेज प्रोसेसिंग’ हा पेपर मात्र त्यांना फोटो स्टुडिओवाल्यांचा वाटतो. आम्ही शाळेत शिकवणारी माणसं, कॉलेजचे प्राध्यापक नव्हे. तरी त्यांचं पुस्तक घेऊन बसलो, तेव्हा लक्षात आलं की विषय अवघड नाही. तो कशासाठी आहे, हेच मुलांना उमगलेलं नाही.

आम्ही गणिताच्या वहीतला चौकटीचा कागद काढला. आठ ओळी, आठ रांगा, चौसष्ट घरं. प्रत्येक घरात 0 ते 255 मधला एक आकडा लिहायला सांगितला. 0 म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा. “हा झाला तुमचा फोटो,” आम्ही म्हणालो. “रंगीत हवा असेल तर एका घरात तीन आकडे: लाल, हिरवा, निळा. कॉम्प्युटरला चेहरा दिसत नाही, त्याच्यापुढे फक्त हे आकडे असतात.” मग एका घरातले 200 खोडून 201 केले. डोळ्याला हा फरक कळत नाही. पण असे लाखो आकडे एकेकाने बदलत गेलं, तर साध्या फोटोच्या पोटात अख्खा मजकूर लपवता येतो. सायबरचा आणि फोटोचा संबंध मुलांना इथं पहिल्यांदा दिसला.

पुढचा धडा त्यांच्याच ओळखीच्या गोष्टीवरून घेतला. ‘हॅश’ म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा, हे ती शिकलेली आहेत. फाइलमध्ये एक आकडा बदलला की ठसा पार बदलतो. आता एक फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवा. पोहोचलेला फोटो दिसायला तोच, पण ठसा वेगळा; कारण वाटेत तो दाबून लहान केला जातो, आणि केव्हा, कोणत्या मोबाइलने काढला ही नोंदही गळून पडते. म्हणजे हॅश एवढंच सांगतो की फाइल तीच आहे की नाही. फोटो खरा की खोटा, हे सांगायला आकड्यांच्या आत उतरावं लागतं. ‘जेपेग’ फोटो आठ-बाय-आठच्या चौकटींत दाबला जातो. दुसरीकडून कापून चिकटवलेला चेहरा वेगळ्या प्रकारे दाबलेला असेल, तर त्या चौकटींची वीण जुळत नाही. कापडाला लावलेलं ठिगळ शिंप्याच्या नजरेतून सुटत नाही, तसंच हे. पण तोच फोटो दहा मोबाइलवरून फिरला की वीण पुसट होते. म्हणून मूळ फाइल जपणं ही तपासाची पहिली पायरी.

सगळ्यात महत्त्वाचा धडा शेवटी ठेवला. सिनेमात पोलीस कॅमेऱ्यातला धूसर चेहरा मोठा करत जातात आणि तो स्वच्छ होतो. प्रत्यक्षात, जे आकडे टिपलेच गेले नाहीत ते मोठं केल्याने येत नाहीत. कॉम्प्युटर मधली घरं अंदाजाने भरतो. कृत्रिम बुद्धिमत्ता तर पाहिलेल्या हजारो चेहऱ्यांवरून एक नवा, सुबक चेहरा बनवून देते. तो दिसतो खरा, पण तो तिथं उभा असलेल्या माणसाचाच असेल असं नाही. अशा चेहऱ्यावर बोट ठेवून कुणाच्या तरी मुलाला उचललं तर?

हा नुसता पुस्तकी प्रश्न नाही. 1 ऑगस्ट 2025 ला आपल्याच दौंड तालुक्यात, यवतला, समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून दगडफेक आणि जाळपोळ झाली. पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला, जमावबंदी लागली. ती पोस्ट बनावट होती असं आमचं म्हणणं नाही. पण एका पोस्टवरून गावाचा बाजार बंद पडतो, हे आपण पाहिलं. तिथं उद्या बनावट फोटो फिरला तर तो ओळखणारं कुणी गावात हवं की नको?

आणि जानेवारी 2022 चं ‘बुली बाई’ प्रकरण कोणती मुस्लिम लेक विसरेल? शंभराहून अधिक मुस्लिम स्त्रियांचे फोटो उचलून त्यांचा ‘लिलाव’ मांडला गेला. मुंबईच्या सायबर पोलिसांनी पकडलेल्यांत अभियांत्रिकीचा एक विद्यार्थीही होता. इल्म होता, अमानतीची जाण नव्हती. त्या भीतीने आपल्या किती घरांत मुलींचे मोबाइल काढून घेतले गेले! गुन्हा दुसऱ्याचा आणि शिक्षा आपल्या लेकीला.

त्याऐवजी घरात एवढं माहीत असावं. कुणी फोटोवरून धमकावलं तर मुलीला रागावू नका. पुरावा पुसू नका. मेसेज, नंबर, लिंक जपून ठेवा. ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या सरकारी संकेतस्थळावर स्त्रिया व मुलांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. ‘स्टॉप-एनसीआयआय’ नावाची सेवा 2021 च्या डिसेंबरपासून चालू आहे. ती अठरा वर्षांवरील व्यक्तीच्या खासगी फोटोचा ठसा तिच्याच मोबाइलवर काढते. फोटो बाहेर जात नाही, फक्त ठसा जातो, आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो अडवू शकतात. मुलं ज्याला रटाळ पेपर म्हणत होती, तोच इथं एका मुलीची इज्जत राखतो.

कोर्टातही या ज्ञानाची गरज वाढली आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम 63 प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यायचं, त्यात हॅशची नोंद असते आणि तज्ज्ञाचाही भाग असतो. तो तज्ज्ञ आपल्या वस्तीतला का नसावा?

सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत आलेल्या बातमीची शहानिशा करण्याचा हुकूम आहे. नाही तर नकळत कुणाचं नुकसान करून बसू आणि पस्तावू. आजची बातमी फोटो होऊन येते. तेव्हा तिची शहानिशा करण्याची विद्याही शिकायलाच हवी.

निघताना दौंडच्या मुलाने विचारलं, “सर, सगळं तपासूनही काही कळलं नाही तर रिपोर्टमध्ये काय लिहायचं?”

“‘सांगता येत नाही’ असं लिही,” आम्ही म्हणालो. “तीही गवाहीच आहे. आणि कधी कधी तेवढ्यावर एखादा बेगुनाह घरी परततो.”

अल्लाह आपल्या मुलांना इल्मही देवो आणि अमानतदारीही. आमीन.