दगडानं किती खाल्लं?

सकाळी ८.३०
कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका गाळ्याचं शटर वर जातं. आत भिंतीला धरून लांबलचक मशीन, त्याला टेकून छापखान्यातल्या कटिंग मशीनचं ब्लेड. ४२ इंची. उदबत्ती आधी देवाला, मग मशीनला. मिस्त्री टाकीतलं पाणी काठीनं ढवळतात. त्यात कुलंट तेल असतं, वीस-पंचवीस लिटरला एक लिटर. पाणी पांढरंफेक होतं. नुसत्या पाण्यावरही धार निघेल, पण सकाळपर्यंत ब्लेड गंजेल.

९.१५
नवा दगड चढवायचाय. वाटीच्या आकाराचा. मिस्त्री तो बोटावर अडकवतात आणि लाकडी मुठीनं हलकेच ठोकतात. टण्ण वाजला तर चांगला. बद्द वाजला तर आत चीर आहे. असला दगड वेगात फुटला की माणूस वाचत नाही. त्यामुळे हे काम ते हाताखालच्या पोराला देत नाहीत.

१०.००
ब्लेड लोहचुंबकाच्या पाटावर बसतं. आधी व्हर्नियरनं रुंदी मोजून वहीत टिपायची. कोन चोवीस अंश. पोरगा नळाकडे हात नेतो तोच मिस्त्री ओरडतात, "दगड आधी, पाणी मागनं!"

दगड टेकतो. ठिणगी दिसतच नाही, पाण्यातच विझते. एका फेरीला मिलिमीटरचा शंभरावा भाग जातो, फार तर दोन. ब्लेड जातं, येतं, जातं, येतं. तासाभरानं दगड खाली घेणं बंद. शेवटच्या काही फेऱ्या तशाच, आवाज पातळ होत संपेपर्यंत. कडेला उलटलेली बर मिस्त्री तेलदगडानं हातानं काढतात. अंगठ्यानं धार बघत नाहीत. कागदाची एक पट्टी धारेवर सोडतात, ती दोन होते.

पुन्हा व्हर्नियर. धार कुणीही काढेल. किती पोलाद वाचवलं, त्यावर इथं माणूस जोखला जातो. रुंदी ठरावीक मापाच्या खाली गेली की ब्लेड मशीनला बसत नाही, भंगारात जातं.

१२.३०
करवीर तालुक्यातले एक शेतकरी कडबाकुट्टीची दोन पाती घेऊन आलेत. धारेला निळी झाक.
"कुणी लावली हो?"
"गावातच. वेल्डिंगवाल्याकडं."
कोरड्या ग्राइंडरवर जोर देऊन घासलंय. साधं पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापलं की निळं पडतं आणि त्याचं पाणी उतरतं. धार दिसते, पण दोन दिवसांत बसते. निळा भाग सगळा काढावा लागणार.
"दोन मिलिमीटर जाईल, दाजी. चालंल?"
"लावा की. म्हसरं थांबत्यात व्हय?"
पात्याला पन्नास रुपये. जास्तीच्या वेळेचे पैसे मिस्त्री मागत नाहीत. मागायला हवेत, असं मला वाटलं.

२.००
डबा. भाकरी, पिठलं, कांदा.

४.००
चहाला मंडळी जमते. रंध्याची पाती घेऊन आलेला तरुण सुतार मोबाइलवर स्वीडनचं टॉरमेक मशीन दाखवतो. १९७३ पासून त्यांचा हाच धंदा. दगडाचा खालचा भाग पाण्यात, मिनिटाला फक्त नव्वद फेरे. पातं तापतच नाही.
शेजारचा लेथवाला हसतो. "नव्वदात जेवण होऊन येईल की."
"पटाशीला झकास आहे," मिस्त्री म्हणतात. "पण माझं बेचाळीस इंची त्याच्यावर ठेवू कुठं?"
वाद रंगतो. चपलेच्या रापीवर मात्र सगळ्यांचं एकमत: ती मशीनवर आणायचीच नाही. कारागीर ती स्वतःच्या दगडावर, स्वतःच्या हातानंच घासतो.

६.३०
टाकीच्या तळाचा गाळ काढायचा. दगडाची पूड आणि पोलादाची पूड, काळा चिखल. पोराचे हात कोपरापर्यंत काळे. त्याची हजेरी साडेचारशे. छापखान्याच्या ब्लेडला इंचाला आठ रुपये, म्हणजे ३३६. यातूनच वीज, कुलंट आणि झिजणारा दगड.

७.१५
छापखान्याचा माणूस ब्लेड न्यायला आलाय, गोणपाट घेऊन. मिस्त्री त्याला परत पाठवतात. फळी आणल्याशिवाय ब्लेड मिळणार नाही. तुमच्याकडं असलं ब्लेड असेल तर तेही दोन फळ्यांत बांधूनच आणा. आणि कागद फाटायला लागेपर्यंत थांबू नका. लवकर आणलं तर दगड कमी खातो. मजुरी तेवढीच पडते.