थंड इंजिन आणि खोटी वर्दी

मोटारीच्या इंजिनावर बोलायला कामगार संघटनेचा माणूस कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. आम्ही इंजिनिअर नाही. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते गॅरेजच्या दारात, ड्रायव्हर-मिस्त्र्यांच्या संगतीत. परंतु काही वर्षांपूर्वी बोटाएवढ्या एका वस्तूपायी एका ड्रायव्हरची नोकरी जाण्याची वेळ आली, आणि ती वाचवण्यासाठी आम्हांला हा विषय शिकावा लागला. जे शिकलो ते आपल्यापुढे ठेवतो.

हकीकत अशी. नाशिक जिल्ह्यात निफाडच्या बाजूला हिवाळ्यात पारा किती खाली उतरतो, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. तिकडच्या एका ड्रायव्हरची भाड्याची गाडी पहाटे चालू होईना. सेल्फ जोरात फिरे, इंजिन एकदोनदा खाकरे आणि बंद पडे. पंधरावीस मिनिटांच्या झटापटीनंतर एकदाचे चालू झाले, की मग दिवसभर तक्रार नसे. मालकाने गाडी गॅरेजात पाठवली. पण ती तेथे पोचे दुपारी, गरम होऊन. मिस्त्री किल्ली फिरवी आणि गाडी लगेच चालू होई. बॅटरी बदलली, प्लग बदलले, पेट्रोलचा पंपही बदलला. पहाटेचे रडगाणे कायम. अखेर मालकाने निकाल दिला की, गाडीत दोष नाही, ड्रायव्हर उशिरा उठतो आणि सबबी सांगतो. तीन भाडी चुकली होती. त्यांचे पैसे पगारातून कापले आणि पुढल्या महिन्यापासून येऊ नकोस असे बजावले.

आता इंजिनाकडे वळू. पेट्रोल पातळ रूपात नीट पेटत नाही. पेटते ती त्याची वाफ. गरम इंजिनाला एक भाग पेट्रोल आणि वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण पुरते. इंजिन थंड असले, की पेट्रोलाचा बराचसा भाग आतल्या थंड धातूला चिकटून बसतो आणि वाफ थोडीच होते. म्हणून थंड इंजिनाला पेट्रोल जास्त द्यावे लागते. बंबातली लाकडे सादळली, की ढलप्या जास्त घालाव्या लागतात, तसेच हे. येथे ‘थंड’ या शब्दाने फसू नये. चालते इंजिन ९० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्याच्या हिशेबी आपली २० अंशांची सुखद सकाळही थंडच.

कार्बुरेटरच्या गाड्यांत हे काम ड्रायव्हर स्वतः करी. मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झालेली पद्मिनी टॅक्सी ज्यांनी चालवली, त्यांना चोक किती ओढायचा हे हाताला ठाऊक होते. आजच्या गाड्यांत चोक नाही. पेट्रोल किती फवारायचे ते कॉम्प्युटर ठरवतो. पण कॉम्प्युटरला थंडी वाजत नाही! इंजिन थंड की गरम, हे त्याला दुसऱ्याने सांगावे लागते. ही वर्दी देणारा शिपाई म्हणजे कूलंटच्या तापमानाचा सेन्सर.

या सेन्सरच्या आत एक लहानसा कण असतो. तो तापला, की त्याचा विजेला होणारा रोध कमी होतो. नेहमीच्या एका जातीत हा रोध २० अंशांना सुमारे २५०० ओम, तर ८० अंशांना सुमारे ३०० ओम असतो. कॉम्प्युटर बहुधा ५ व्होल्टचा पुरवठा आपल्याकडच्या एका ठरावीक रोधातून पाठवतो, सेन्सरवर किती व्होल्ट पडतात ते पाहतो आणि त्यावरून तापमान काढतो. सेन्सर गरमीची वर्दी देऊ लागला, तर थंड इंजिनाला पेट्रोल कमी मिळते आणि ते पहाटे अडून बसते. उलट, गरम इंजिनाला थंड ठरवले, तर पेट्रोल अतोनात जाते. काळा धूर, पेट्रोलचा वास, काळे पडलेले प्लग आणि घसरलेले ॲव्हरेज ही त्याची लक्षणे.

आता मुख्य मुद्दा. तार साफ तुटली, तर पुष्कळ गाड्यांत कॉम्प्युटर उणे ४० अंश वाचतो. हे अशक्य आहे हे ओळखून इशाऱ्याचा दिवा लावतो. पण पहाटेच्या १२ अंशांना सेन्सरने ४४ सांगितले तर? ४४ हा आकडा अशक्य नाही. दिवा बहुधा लागत नाही. धडधडीत खोटे पकडले जाते; निमखोटे पचून जाते. डॅशबोर्डावरच्या काट्यावरही विसंबू नये, कारण कित्येक जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सर निराळा असतो.

मग तपासावे कसे? प्रथम सेल्फ ऐकावा. तो रखडत असेल, तर आधी बॅटरी पाहावी. तो जोरात फिरत असेल, तर गाडी रात्रभर उभी ठेवून पहाटे, इंजिन चालू करण्यापूर्वी, स्कॅनर लावावा. रात्रभर निवालेल्या गाडीत कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळजवळ सारखे दिसले पाहिजे. मोठी तफावत दिसली, तर किल्ली बंद करून सेन्सरचा प्लग काढावा, मल्टिमीटरने रोध मोजावा आणि तो त्याच गाडीच्या कंपनीच्या तक्त्याशी ताडावा. सेन्सर बरोबर निघाला, तर तारा आणि जोड तपासावेत. कूलंट कमी असेल किंवा सेन्सरपाशी हवा अडकली असेल, तरीही वर्दी चुकते. हे सर्व इंजिन थंड असतानाच करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे भाजून घेणे.

आमच्या संघटनेतला एक तरुण मिस्त्री स्कॅनर घेऊन पहाटे पाचला त्या गाडीपाशी गेला. मालकालाही आम्ही मुद्दाम बोलावले होते. हवा १२ अंश, कूलंट ४४! सेन्सर काढून पाहिला. काही महिन्यांपूर्वी तो बदललेला होता. आटे जुळत होते, प्लग बसत होता, पण वस्तू दुसऱ्या गाडीची होती. गरम झाल्यावर तिचा आकडा खऱ्याच्या जवळ येई, म्हणून दुपारी सारे आलबेल दिसे. योग्य सेन्सर बसवला आणि कूलंट भरले. दुसऱ्या पहाटे किल्ली एकदाच फिरवावी लागली. मालकाने कापलेले पैसे परत केले आणि काढून टाकण्याची भाषा थांबली. नव्या पंपाचा खर्च मात्र गेला तो गेलाच.

चोक गेला, तेव्हा पेट्रोल ठरवण्याचा अधिकार ड्रायव्हरच्या हातातून गेला. दोष मात्र त्याच्याच माथी राहिला. इंजिनाने काही चूक केली नव्हती, ड्रायव्हरनेही नाही. दोघेही एका खोट्या वर्दीचे बळी होते, आणि ती वर्दी कोणी तपासलीच नव्हती. तेव्हा आपली गाडी पहाटे अडली, तर ती आदल्या संध्याकाळीच गॅरेजात नेऊन ठेवा आणि सकाळी थंड असतानाच तपासायला सांगा. पहाटेच्या तक्रारीची चौकशी पहाटेच झाली पाहिजे. दुपारी केलेल्या चौकशीत निरपराध माणूसच सापडतो.