दीर्घिकांची रसद कोण तोडतं?

एखादी दीर्घिका नवे तारे घडवणं का थांबवते, हा आजचा प्रश्न. मी फौजी माणूस, त्यामुळे आधी रसद बघतो. ताऱ्यांची रसद म्हणजे थंड हायड्रोजन वायू. तो दाटून स्वतःच्या भाराखाली कोसळला, तरच तारा जन्मतो.

बऱ्याच दीर्घिका लहान लहान गटांत राहतात. तिथं शेजाराचे दोन परिणाम होतात.

पहिला, ओढाताण. सप्तर्षीच्या दिशेला, सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षांवर एम ८१चा गट आहे. थोरल्या एम ८१च्या गुरुत्वाकर्षणानं धाकट्या एम ८२मधला वायू ढवळला, तो मध्यभागी साचला आणि तिथं ताऱ्यांचा कारखाना धडाक्यात सुरू झाला. पण त्याच ताऱ्यांचे वारे आणि स्फोट आता वायू बाहेर उधळताहेत. असा धडाका फार काळ परवडत नाही.

दुसरा, नाकेबंदी. ती आपल्या स्थानिक गटातच दिसते. आकाशगंगेजवळच्या बहुतेक बटू दीर्घिकांत वायू जवळजवळ उरलेला नाही. आकाशगंगेभोवतीच्या तप्त वायूतून फिरताना तो खरवडला गेला, असं मानतात. दूरच्या, एकाकी बटूंकडे मात्र तो बहुधा शिल्लक आहे. मॅगेलनच्या दोन मेघांमागे सांडलेल्या वायूचा लांबलचक पट्टा रेडिओ दुर्बिणींना आजही दिसतो.

आकाशगंगा वर्षाला साधारण एक-दोन सूर्यांइतक्या वस्तुमानाचे तारे घडवते. हा सांडलेला वायू पुढं तिच्यात पडला, तर त्यातूनही इथं तारे होतील. तेव्हा एखादी दीर्घिका विझलेली दिसली, की तिचा शेजारही तपासा.