शोभेचा कांदा: पानं पिवळी पडली तरी पाणी ओतू नका

ग्लॉस्टरशायरमधल्या बार्न्सली हाउसच्या बागेत रोझमेरी व्हेरी यांनी लॅबर्नमच्या पिवळ्या झुंबरांखाली जांभळ्या गोल फुलांचे ताटवे लावले. त्या वाटेचे फोटो जगभर गाजले. ही फुलं कांद्याच्या कुळातली, अ‍ॅलियमची. तरीही ‘कांदा’ ऐकलं की नाकं मुरडली जातात.

बागेत दर्प सुटेल, ही भीती फोल आहे. पेशी फुटल्यावरच त्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांवर विकराची क्रिया होते. म्हणजे पान चुरगळलं किंवा दांडा कापला, तरच वास.

खरा घोळ पानांचा. फूल ऐन भरात असताना पानांचे शेंडे वाळू लागतात आणि रोग पडला असं समजून लोक पाणी-खत ओततात. ‘अ‍ॅलियम जायगँटियम’सारख्या जाती मध्य आशियातल्या. तिथे हिवाळा कडक, वसंतात ओल आणि पुढे कोरडा उन्हाळा. पानं ओल असेतो कंदात अन्न साठवतात आणि वाळतात. तेव्हा पाणी साचलं तर कंद कुजतो. हिरवी पानं कापली तर पुढच्या वर्षीचं फूल रोडावतं. वाळकी पानं दिसू नयेत म्हणून जाणते माळी पुढे दाट पानांची जिरॅनियम लावतात. उपाय तेवढाच!

लागवडीचा मोसमही चुकतो. मे महिन्यात फूल पाहून कंद शोधायला निघालेल्यांना उशीर झालेला असतो. युरोपात ते शरद ऋतूत, कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल लावतात. ‘ग्लोबमास्टर’ या अ‍ॅलियमच्या बियांची वाट पाहणंही व्यर्थ, ती जात वांझ आहे. आणि कांद्याच्या कुळातला म्हणून शोभेचा कांदा निरुपद्रवी समजू नये: कुत्र्यामांजरांच्या पोटात गेला तर त्यांच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट होतात.

पुण्या-मुंबईच्या गच्चीत हे जांभळे गोंडे फुलतील, ही आशा मात्र सोडावी. त्यांना लांबलचक कडक थंडी लागते. कुंडीत गार्लिक चाइव्ह्ज लावावेत. पांढऱ्या चांदण्यांसारखी फुलं येतात, पानं जेवणातही चालतात. किंवा पुण्या-नाशकाकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात घरातलाच एक टणक कांदा भरपूर उन्हातल्या कुंडीत पुरावा. थंडी सरता सरता डोंगळे म्हणजे फुलांचे दांडे येतात, वर पांढरा गोल गोंडा. खाण्याच्या कांद्याला डोंगळे आले की शेतकरी कपाळावर हात मारतो. बी धरणारा मात्र त्यांचीच वाट पाहतो आणि परागीभवनासाठी वावरात मधमाश्यांच्या पेट्या ठेवतो.