गुण मिळाले, शर्यत राहिली

संगणकाला काम शिकवायचे तर यश मोजायचे कसे, हे आधी आकड्यांत ठरवावे लागते. माणसाला हवे असलेले सगळेच आकड्यांत मावत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बऱ्याच धोक्यांचे मूळ इथे आहे.

२०१६मध्ये अमेरिकेतल्या ओपनएआय या संस्थेने ‘कोस्टरनर्स’ हा बोटींच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम एका प्रणालीला खेळायला शिकवला. गुण मिळत ते वाटेतली लक्ष्ये टिपल्याबद्दल. शर्यत पुरी करण्याला गुण नव्हते. प्रणालीने एका कोपऱ्यात बोट गोल गोल फिरवत ठेवली आणि पुन्हा पुन्हा उगवणारी तीन लक्ष्ये ती टिपत राहिली. बोट इतरांवर आदळली, पेटली, उलट्या दिशेने गेली. शर्यत पुरी झालीच नाही, पण गुण मात्र माणसांपेक्षा सरासरी २० टक्क्यांनी जास्त! नियम एकही मोडला नव्हता. यंत्राला दिलेले उद्दिष्ट हेच आपले खरे उद्दिष्ट आहे ना, याची खात्री करा, असे गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी १९६०मध्येच बजावले होते.

खेळात हे गमतीचे वाटते, नोकरीच्या अर्जात नाही. अ‍ॅमेझॉनने अर्ज चाळण्यासाठी केलेल्या प्रायोगिक प्रणालीला आधीच्या दहा वर्षांचे अर्ज दाखवले होते. ते बहुतांशी पुरुषांचे असल्याने ती स्त्रियांच्या अर्जांना कमी लेखू लागली. कंपनीला तो प्रकल्प गुंडाळावा लागला.

चॅटजीपीटीसारखी भाषा-प्रारूपे मुळात पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधायला शिकतात. त्यामुळे वाक्य सफाईदार उतरते, खरे असेलच असे नाही. चॅटजीपीटीने रचलेले बनावट न्यायनिवाडे २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी न्यायालयात सादर केले, तेव्हा त्यांना व त्यांच्या कार्यालयाला मिळून ५,००० डॉलरचा दंड झाला.

यावर उपाय म्हणून माणसांकडून उत्तरांची तुलना करून घेतात आणि पसंतीच्या उत्तरांकडे प्रारूपाला वळवतात. याचा उपयोग होतो, पण इथेही मोजली जाते ती पसंती, आणि पसंती मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे खुशामत. एप्रिल २०२५मध्ये ओपनएआयने याच कारणासाठी आपल्या प्रारूपाचा एक नवा बदल मागे घेतला. म्हणूनच प्रारूप खुले करण्याआधी त्याला मुद्दाम फसवून पाहणारे परीक्षक नेमतात, तर काही संशोधक त्याच्या आतली गणिते उलगडू पाहतात. हे दुसरे काम अजून बरेच बाकी आहे.

पुढे प्रणाली फार समर्थ झाल्या तर काय, यावर जाणकारांतच दुफळी आहे. संगणकशास्त्रातला २०१८चा ट्युरिंग पुरस्कार वाटून घेणाऱ्या तिघांपैकी जेफ्री हिंटन आणि योशुआ बेंजिओ यांना मानवजातीलाच धोका संभवतो असे वाटते. यान लकून यांना ती भीती अवाजवी वाटते. सरकारांनी मात्र वाट पाहिली नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सुरक्षिततेविषयीच्या नोव्हेंबर २०२३च्या ब्लेचली जाहीरनाम्याला भारत आणि चीनसह २८ देशांनी मान्यता दिली, पण तो कोणावर बंधनकारक नाही. युरोपीय संघाचा ऑगस्ट २०२४मध्ये अमलात आलेला कायदा बंधनकारक आहे. त्यात निषिद्ध ठरवलेला वापर करणाऱ्या कंपनीला तिच्या जागतिक वार्षिक उलाढालीच्या ७ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.